लोखंडाची खांदेमळणी

मी दांडा बोलतोय. कुऱ्हाडीचा नव्हे, झेंड्याचाही नव्हे. ट्रॅक्टरमागे जी ट्रॉली चालते, तिच्या पुढच्या बाजूला निमुळता होत गेलेला जो लोखंडी भाग ट्रॅक्टरला जोडतात, तो मी. लोकांना ट्रॅक्टर दिसतो, त्याचा धूर दिसतो, ट्रॉलीतला माल दिसतो. मी मधल्या मध्ये असतो. दांडा मोडला तरच त्याची आठवण निघते, आणि मी एकदाही मोडलो नाही.

आधीच सांगून ठेवतो, वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून टाकतात. फाटकी छत्री क्षमा करते, मोडकी खुर्ची क्षमा करते. मला ते जमणार नाही. मी रागातून जन्मलो, रागावरच पोसलो आणि अजून माझा राग उतरलेला नाही. ज्याच्यावर राग आहे तो चुडामण रोज माझ्यासमोरून शेतात जातो, हे माझं नशीबच म्हणायचं.

यावल-सावद्याच्या बाजूचं आमचं गाव. आमचा मालक झुलाल. केळीची बाग, विहिरीवर इंजिन, आणि स्वभाव असा मऊ की कुणीही यावं आणि बोट रुतवावं. चुडामण हा त्याचा थोरला चुलत भाऊ. गावातल्या निम्म्या बैलगाड्या चुडामणच्या घरच्या, आणि उरलेले गाडीवाले त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल जायचा तोही त्याचाच. मानाचा बैल म्हणत त्याला. बैल बिचारा गरीब होता. मान सगळा चुडामणच्या अंगात शिरला होता.

दोघांच्या बांधावर एक निंब होता. त्याच्या एका फांदीची सावली झुलालच्या केळीवर पडायची, म्हणून झुलालने ती छाटली. थोरल्या भावाला विचारलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.  चुडामणने ते मनात ठेवलं.

पुढच्या वैशाखात झुलालच्या नावाची वॅगन लागली. तेव्हा आमच्याकडची केळी दिल्लीकडे जायची ती आगगाडीच्या वॅगनमधून. वॅगन लागल्याची खबर आली की घड कापायचे आणि दिवस मावळायच्या आत कोसभर लांबच्या स्टेशनवर नेऊन भरायचे. वॅगन कुणासाठी थांबत नाही, आणि कापलेला घड पुन्हा झाडाला लागत नाही. झुलालने पहाटेच कापणी केली, घड बांधावर रचले आणि गाड्यांची वाट बघत बसला. गाड्या आल्याच नाहीत. चुडामणने सगळ्यांना अर्ध्या वाटेतून माघारी फिरवलं होतं.

झुलाल धावत त्याच्या ओट्याशी गेला. चुडामण पानाला चुना लावत होता.

"गाड्या नही भेटनार," तो म्हणाला. "फांदी तोडाले तुले कोनाची गरज नही पडली. मंग केयी बी डोक्यावर वाहून ने."

झुलाल परत आला आणि डोकं धरून बसला. उठली ती त्याची बायको, सुंदरबाई. तिने लुगड्याचा काष्टा आवळला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घड उचलला. नवरा-बायको, दोन मजूरबाया, वैशाखाचं ऊन आणि कोसभर रस्ता. दिवसभर वाहून वॅगनचा एक कोपरा भरला. शेवटच्या खेपेला रेल्वे फाटकाजवळ सुंदरबाई अडखळली, डोक्यावरचं ओझं एका अंगाला गेलं आणि तिच्या मानेत काहीतरी कटकन वाजलं. मान डावीकडे कलली ती कायमची. पुढे कुणी हाक मारली तर तिला नुसती मान वळवता येईना. सगळं अंग फिरवून बघावं लागे. मागे राहिलेले घड बांधावर पिकले आणि म्हशींनी खाल्ले.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण हे सगळं मी सुंदरबाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ती चुंबळ मला माझ्याच डोक्यावर असल्यासारखी वाटते.

दोन पावसाळे गेले. झुलालने मेहुण्याच्या भागीत घासलेटवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर आणला. मागे लावायला ट्रॉली नव्हती, तेव्हा ती घरीच करायची ठरली. पहिली ट्रॉली म्हणजे बैलगाडीचं साटं, म्हणजे माल ठेवायची वरची चौकट, त्याला रबरी चाकं आणि पुढे बाभळीचा दांडा. तो ओढ्यात मोडला. मग झुलालने लाकडाच्या जागी लोखंडी नळी बसवली. ट्रॅक्टर मागे घेताना ती अशी वाकली की ट्रॉली रस्त्याला आडवी होऊन बसली. नेमकी चुडामणच्या ओट्यासमोर.

"झुलाल, बैल लाव रे तिले," चुडामण म्हणाला, आणि ओट्यावर बसलेली सगळी माणसं हसली. ती माणसं मला आजही नावानिशी पाठ आहेत.

ती वाकलेली नळी घेऊन झुलाल जळगावला लोटन मिस्त्रीच्या कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक भाता आणि लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी ट्रकांचे सांगाडे. सुंदरबाईला मान दाखवायला जळगावच्या डॉक्टरकडे यायचंच होतं, म्हणून तीही सोबत होती. लोटन धरणगावचा, अहिराणी बोलणारा माणूस. बोलायला तापट आणि हाताने त्याहून तापट.

त्याने नळी पायाने उलटी केली. "बठ्ठं वजन हाई एकज नळीवर शे. ती वाकी नही ते काय करी?" सगळा भार एकाच नळीवर, म्हणून ती वाकणारच, असं त्याचं म्हणणं. मग कोळशाने फरशीवर आणखी जाड नळीचं चित्र काढलं. "हाई लावू."

सुंदरबाई दारात उभी होती. ती सगळं अंग फिरवून त्या चित्रासमोर आली.

"मिस्त्रीभाऊ, माही मान काय बारीक व्हती?" ती म्हणाली. "सगळं ओझं एका मानेवर आलं, मनून गेली. बैलगाडीचं ओझं दोन बैलाच्या खांद्यावर असते. याले बी दोन खांदे द्या."

लोटनने तिच्या मानेकडे बघितलं. मग त्याने पायाने चित्र पुसलं आणि दोन्हीकडून येऊन टोकाला मिळणाऱ्या दोन रेघा ओढल्या, घराच्या छपराला कैची असते तशा. तो माझा पहिला चेहरा.

त्यानंतर त्याच्या अंगात आलं. एका लष्करी ट्रकच्या सांगाड्यातून त्याने लांबलचक दोन चॅनेल, म्हणजे पन्हाळीच्या आकाराच्या जाड लोखंडी पट्ट्या, काढले. मी नुसता ट्रॉलीच्या पुढच्या पट्टीला चिकटवलेला नाही, हे नीट ऐका. तसा चिकटवलेला दांडा पहिल्या खड्ड्यात पट्टीसकट उपटून येतो. माझे दोन्ही पाय ट्रॉलीच्या पोटाखालून पार आसाच्या मागेपर्यंत गेलेत. ट्रॉलीचा सगळा सांगाडा माझ्यावर बसलाय, मी त्याला लटकलेलो नाही. चॅनेल त्याने आडवे न ठेवता उभे ठेवले, कारण पट्टी आडवी ठेवली की वाकते आणि उभी ठेवली की सहन करते. मध्ये आडवे तुकडे, प्रत्येक कोपऱ्यात तिकोनी पत्रा, आणि लाल तापवून ठोकलेले रिव्हेट. आस मधोमध न घेता जरासा मागे घेतला, म्हणजे माल भरला की थोडं ओझं नेहमी माझ्यावर राहावं. तसं नसलं की ट्रॉली उलार होते, म्हणजे मागे कलंडते, आणि दांडा ट्रॅक्टरला वर उचलायला बघतो. माझ्या टोकाला घडीव कडी, तिच्यात जाडजूड पिन, आणि पिनेने दगा दिलाच तर शेजारी एक साखळी.

"कोनासाठे करी राहिनात इतलं मजबूत?" लोटनने घण उचलता उचलता विचारलं. सुंदरबाईने सगळं सांगितलं. निंबाची फांदी, माघारी फिरवलेल्या गाड्या, डोक्यावरची केळी, रेल्वे फाटक. लोटनने ऐकून घेतलं आणि पुढच्या रिव्हेटवर घण घातला. "हाऊ घाव चुडामणना," तो म्हणाला. त्यापुढचे सगळे घाव चुडामणच्याच नावाचे पडले. मी इतका भक्कम का झालो, याचं खरं कारण हे आहे.

मग मी राबलो. पावसाळ्यात चिखलातून, उन्हाळ्यात फुफाट्यातून केळी नेली. एका खेपेत इतके घड की स्टेशनवरचे हमाल बघत राहायचे. ज्यांना चुडामण गाड्या द्यायला काचकूच करी, ते झुलालकडे येऊ लागले आणि चुडामणच्या गाड्या आठवड्यातले निम्मे दिवस दाराशी उभ्या दिसू लागल्या. झुलाल खूष होता. त्याला वाटे, झालं, फिटलं. सुंदरबाई मात्र खूष नव्हती. "धंदा झाला," ती म्हणे, "त्यानं म्हटलेलं त्याले कुठं परत भेटलं?" मला तिचं म्हणणं पटत होतं. लोखंडाला घाई नसते. मी वाट बघत होतो.

ती वेळ पोळ्याने आणली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जुवाखाली सोललेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एकदा आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी बैल जुंपायचा नाही. आमच्या गावात हा कायदा चुडामण चालवायचा. मानाचा बैल त्याचा ना!

त्या वर्षी चुडामणची वॅगन पोळ्याच्या आदल्या दिवशी लागायची होती. त्या भरवशावर त्याने घड कापून ठेवले, आणि दुपारी स्टेशनवरून निरोप आला की वॅगन उद्या लागेल. घड रात्रभर स्टेशनवर उघड्यावर टाकता येत नाहीत, आणि उद्या म्हणजे पोळा. बैल जुंपायचे नाहीत, सालदारांना सुट्टी, मजूर आपापल्या घरी पुरणपोळीच्या वाटेकडे डोळे लावून. ही बातमी पाणवठ्यावरून सुंदरबाईच्या कानी आली तेव्हा ती कळशी खाली ठेवून नुसतीच उभी राहिली.

तिला पुढचं सगळं दिसलं होतं. सकाळी चुडामण येणार, झुलालकडे ट्रॉली मागणार, आणि आमचा मऊ मालक ती देणार. मागच्या गोष्टी काढायच्या नाहीत, भाऊ आहे, असं म्हणून देणार.

दिवेलागणीच्या आधी ती वाटीत हळद-तूप घेऊन माझ्याजवळ आली. माझे दोन्ही चॅनेल जिथे मिळतात तिथून मागेपर्यंत तिने ते चोळलं. मला आजवर वंगण मिळालं होतं, तूप कधी मिळालं नव्हतं. मग ती माझ्या कडीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. झुलाल म्हणाला, "लोखंडाले कशाची खांदेमळणी व?"

"खांदे हायेत ना त्याले? मीच सांगेल व्हते मिस्त्रीले." एवढं बोलून ती आत गेली. झुलालच्या लक्षात काहीतरी आलं असावं.

सकाळी चुडामण आला. पोळ्याचा नवा फेटा, कानात अत्तराचा फाया. मागायला आल्यासारखा दिसू नये एवढी काळजी घेऊन आला होता.

"झुलाल, ट्रॉली काढ. वॅगन लागेल हाये."

झुलाल उठला. मला माहीत होतं तो उठणार. ट्रॅक्टर सुरू करायचं हँडल आणायला तो वळला तेवढ्यात सुंदरबाई बाहेर आली. चुडामण तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बाईने थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बोलायची वेळ आलीच तर भिंतीला सांगायचं, खांबाला सांगायचं आणि त्याने ऐकायचं. सुंदरबाईने पदर पुढे ओढला, माझ्यावर हात ठेवला आणि माझ्याशी बोलू लागली.

"दांड्या, काल तुही खांदेमळणी झाली ना रे? तुले आवतन देलं ना मी? मंग आज तुले कसं जुपतीन? सांग बरं त्याइले."

"लोखंड हाये ते," चुडामण झुलालकडे बघून म्हणाला.

"दांड्या, मागच्या पोळ्याले जीवरामनं गाडी जुपली व्हती. आजारी मायले दवाखान्यात न्याले जुपली. तवा रस्त्यात त्याच्या गाडीचं जू कोनं काढून घेतलं? अन् काय म्हटलं? म्हटलं, आवतन म्हनजे आवतन."

बैल धुवायला निघालेली माणसं तोवर गोळा झाली होती. त्यांत जीवरामही होता. त्याने खाली बघितलं नाही, सरळ चुडामणकडे बघितलं. झुलालने हँडल परत कोपऱ्यात ठेवलं.

चुडामण निघून गेला. सुंदरबाई माझ्यावर बसली, रस्त्याकडे तोंड करून. तिची मान वळत नाही, म्हणून बसतानाच तिने अंग नीट लावून घेतलं. तिला सगळं बघायचं होतं.

दुपारी रस्त्यावर केळीचा घड दिसला. घडाखाली भागाबाई होती, चुडामणची बायको. अंगावर सणाचं लुगडं, डोक्यावर चुंबळ, आणि उन्हाने तोंड लाल झालेलं. तिच्या मागे काही पावलांवर चुडामण, रिकाम्या हातांनी, सहज चालायला निघाल्यासारखा. मानाच्या बैलाचा धनी डोक्यावर ओझं कसं घेईल? म्हणून घरच्या बाईच्या डोक्यावर दिलं.

मला तेव्हा बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मी मनात म्हणत होतो, अजून बघ, सुंदरबाई, पोटभर बघ. पण माझ्यावर बसलेलं ओझं एकदम हलकं झालं. ती उठली होती.

"अक्का, थांबा." तिने रस्त्यात जाऊन भागाबाईच्या डोक्यावरचा घड दोन्ही हातांनी उतरवला आणि धुळीत ठेवला. मग तिला दंडाला धरून आणलं आणि माझ्यावर बसवलं.

"राहू दे व, सुंदर," भागाबाई कुजबुजली. "घरी गेल्यावर माह्यं काय व्हईन?"

"तुमाले कोनी काही म्हटलं तं माह्या घरी या." मग सुंदरबाईने पदर ओढला आणि ती माझ्याकडे वळली. या वेळी आवाज चढा होता, वेशीपर्यंत जाईल असा. "दांड्या, सांग त्याइले. ज्याच्या केयी, त्यानंच डोक्यावर वाहाव्या. असंच म्हटलं व्हतं त्याइनं. बाईची मान उसनी भेटत नही."

वेशीकडचा डफ थांबला. चुडामणने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. लांब स्टेशनवर इंजिनाने शिटी दिली. त्या कापलेल्या घडांत त्याची अर्धी बाग होती. त्याने डोक्यावरचा नवा फेटा सोडला, गोल गुंडाळला आणि त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

पण डोक्यावर ओझं घ्यायचं तर उचलायला दुसऱ्याचा हात लागतो. कुणी पुढे झालं नाही. शेवटी आमचा झुलाल गेला आणि त्याने घडाला हात लावला. भाऊ तो भाऊच. सुंदरबाईने तेवढं त्याला करू दिलं.

दिवसभर चुडामण वाहत राहिला. दर खेपेला तो माझ्यासमोरून गेला आणि दर खेपेला सुंदरबाई व भागाबाई माझ्यावर बसून होत्या. संध्याकाळी बैल वेशीत जमले, तेव्हा मानाच्या बैलाचा धनी रेल्वे फाटकाजवळ होता. लोक थोडे थांबले, मग जीवरामचा बैल पुढे झाला आणि तोरण त्याने तोडलं. वॅगन जवळजवळ रिकामीच गेली. वाहून न झालेले घड बांधावर पिकले. म्हशींची पुन्हा चंगळ झाली.

आता माझं काय विचारता? महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली. सडकेवर खडी पडलीय आणि मालट्रक थेट बागेच्या तोंडाशी येऊन केळी भरतात. ट्रॉलीच्या फळ्या सरपणाला गेल्या, चाकं दुसऱ्याने नेली. झुलाल मला भंगारात घालायला निघाला होता. सुंदरबाईने ऐकलं नाही. तिने मला उचलून बांधावर आणवलं आणि त्या निंबाखाली, छाटलेल्या फांदीच्या खुंटासमोर, खांदे हाताला येतील एवढे वर ठेवून उभं पुरलं. माझ्या अंगावर गंज चढलाय, कडी घट्ट बसलीय. चुडामण रोज याच वाटेने शेतात जातो आणि माझ्यापाशी आला की नजर पायाकडे नेतो. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुंदरबाई अजूनही येते, कलत्या मानेने माझे खांदे चोळते आणि आवतण देऊन जाते. ती गेली की पदराखाली वाटी लपवून दुसरी एक बाई येते. भागाबाई. ती काही बोलत नाही. नुसतं चोळते, अगदी खालपर्यंत, आणि घटकाभर मला टेकून उभी राहते. वाटीतलं तूप चुडामणच्या घरचं असतं, त्याच्या बैलासाठी राखून ठेवलेल्या डब्यातलं. त्याच्या बैलाच्या वाट्याला त्यातलं उरलेलं येतं.

तेव्हा माझी एवढीच विनंती. चुडामण या बांधावरून चालतोय तोवर मला भंगारात देऊ नका. आणि हे तुपाचं त्याच्या कानावर जाऊ देऊ नका, नाहीतर तो डब्याला कुलूप लावेल.